वर आल्याचा फोन

आमच्या गावात अजून सांगतात, की आय मरत होती तेव्हा मी समुद्राच्या तळाशी मासे बघत होते. सांगणाऱ्यांत माझ्या दोन मावश्या आहेत, शाळेतल्या एक बाई आहेत, आणि ज्यांच्या घरी दर ख्रिसमसला माझ्याकडून खजुराचा डबा जातो ते शेजारीही आहेत. खजूर खातात आणि मग बोलतात. मी उत्तर द्यायचं सोडून दिलंय. उत्तर द्यायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि ते ऐकून घ्यायला कुणाला सवड नसते. आता कुणी विचारलेलं नाही, म्हणून सांगते.

मी शारजात अल नहदाला राहते. नवरा, एक मुलगी, पंधराव्या मजल्यावरचा फ्लॅट. दुबई मरीनातल्या एका हॉटेलात मी पाहुण्यांच्या डेस्कवर काम करते. कुणाला वाळवंटात जायचं असतं, कुणाला उंटावर बसायचं असतं, कुणाला समुद्रात बुडी मारायची असते. त्या सगळ्यांच्या गाड्या मी ठरवून देते. वसई सोडून इकडे आले तेव्हा गावातल्यांनी विचारलं, एवढ्या लांब कशाला? मी म्हणायचे, लांब कुठे, तीन तासांवर तर आहे. अमेरिका-कॅनडाला गेलेल्यांपेक्षा आम्ही गल्फवाले स्वतःला शहाणे समजतो ते याच एका गोष्टीसाठी. फोन आला की रात्रीपर्यंत घरी. हे वाक्य मी इतकी वर्षं इतक्या लोकांना ऐकवलंय, की आता ते आठवलं तरी तोंड कडू होतं.

समुद्राचं वेड उतारवयातलं. वर्षानुवर्षं मी गोऱ्या पाहुण्यांना फुजैराच्या बाजूला बुडी मारायला पाठवत होते आणि स्वतः एसीत बसून त्यांच्या पावत्या फाडत होते. एकदा बोट नेणाऱ्यांकडे जागा रिकामी राहिली, आणि त्यांनी विचारलं, तुम्ही येता का? नवरा हसला. आधी वजन बघ म्हणाला. मुलगी तेव्हा दहावीत होती. ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "ममा, यू आर स्केअर्ड ऑफ एस्कलेटर्स." खरं होतं ते. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर मी आजही कठडा धरून उभी राहते. पण पाण्याची भीती मला कधीच नव्हती, आणि त्याला कारण आय होती.

आमच्या वाडीत बावखल होतं. बागायतीसाठी पावसाचं पाणी साठवायचं मोठं तळं, वसईत पूर्वी अशी तळी जागोजागी असायची. दादा आणि त्याचे मित्र त्यात दिवसभर डुंबायचे, आणि पोरींनी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचे. आयला ते पटत नसे. दुपारी पुरुषमंडळी जेवून आडवी झाली, की ती माझ्या कमरेला सुके भोपळे बांधून मला पाण्यात सोडायची. स्वतः काठावर, पदर खोचून. माझं डोकं पाण्याखाली गेलं की ती जागची हलायची नाही, आणि मी वर आले की म्हणायची, "बरं. आता अंग पूस." याच्या पलीकडे कौतुक नाही. दादाला हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, मी शाळेच्या सहलीत कुठेतरी पोहायला शिकले.

तर मी बुडी मारायला शिकले. आधी हॉटेलच्या तलावात, मग समुद्रात. शिकवणारा इजिप्तचा होता, चाळिशीतला, मोठ्या आवाजाचा. पाण्याबाहेर तो सगळ्यांना हबीबी, हबीबती करायचा, पण नियमाची गोष्ट निघाली की शाळामास्तर व्हायचा. श्वास रोखायचा नाही. जोडीदाराला सोडून जायचं नाही. घाईने वर यायचं नाही. आणि बुडी मारलेल्या दिवशी विमानात बसायचं नाही. खाली दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो, तो निघून जायला वेळ लागतो. त्याआधी माणूस विमानाने उंचावर गेला, तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर होतं तसं अंगात होतं. सांध्यांत बुडबुडे, मणक्यात बुडबुडे. माणूस लुळा पडू शकतो. एकापेक्षा जास्त बुड्या झाल्या असतील तर निदान अठरा तास जमिनीवर. मी हे सगळं पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पास झाले. मला कुठे त्याच दिवशी विमान पकडायचं होतं?

गावच्या घरात कुणाला सांगितलं नाही, फक्त आयला सांगितलं. दादाला सांगितलं असतं तर त्याने नवऱ्याला फोन करून तासभर समजावलं असतं. आयला मी व्हिडिओ दाखवला. मोठं कासव, त्याच्या मागे मी, तोंडात नळी. तिने तो दोनदा बघितला आणि विचारलं, हवा किती उरली ते कोण बघतं? मी म्हटलं, मीच बघते, काटा असतो. तुझं लक्ष नसेल तर? मग जोडीदार बघतो. तिने जरा विचार केला.

"वर आलीस की मला फोन कर," ती म्हणाली. "त्याशिवाय मी जेवायची नाही."

तेव्हापासून तसंच चाललं. ज्या शनिवारी मी जाणार असे, त्याच्या आदल्या संध्याकाळी तिला सांगून ठेवायची. बोट धक्क्याला लागली की ओल्या हाताने पहिला फोन तिला. आय, वर आले. बरं, आता अंग पूस. फोन बंद. इतकंच बोलणं, पण दर वेळी. ती वाढून घेतलेलं ताट समोर झाकून ठेवून फोनची वाट बघायची, हे मला वहिनीकडून कळलं होतं. वहिनी ते तक्रार म्हणून सांगायची. शनिवारी तुझी आय उगाच जेवायला उशीर करते आणि माझी भांडी अडकतात, असं.

आता गल्फमधल्या माणसाला घरची बातमी कशी मिळते तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती कधीच पुरती मिळत नाही. चाळून, गाळून, वर साखर भुरभुरवून पाठवतात. जरा बरं नाही म्हणाले, तर माणूस हॉस्पिटलात आहे असं धरायचं. काळजीचं कारण नाही म्हणाले, तर आयसीयूत. आणि सीरियस आहे, लगेच ये असं म्हणाले, की माणूस गेलेला असतो, अंगणात खुर्च्या मांडून झालेल्या असतात, आणि सगळे तुमच्या विमानाची वाट बघत असतात. मेल्याची बातमी फोनवर द्यायची नाही, हा दंडकच आहे आमच्याकडे. वाटेत कोसळेल, एकटी आहे, कोण सांभाळणार, म्हणून. मायेनेच करतात, त्यामुळे भांडायचीही सोय राहत नाही. आमच्या हॉटेलात एखाद्या केरळी पोराला घरून फादर सीरियस म्हणून फोन आला, की आम्ही त्याला बॅग भरायला मदत करायचो आणि त्याच्या पाठीमागे एकमेकांकडे बघून मान हलवायचो. त्याला सोडून सगळ्यांना कळलेलं असायचं.

मीही एकदा फसले होते. बाबांच्या वेळी. दादाने सांगितलं, बाबा सीरियस आहेत, निघ. काय झालं विचारलं तर म्हणाला, आल्यावर बोलू. मी इथे नवी होते. विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत रोझरीची माळ धरून देवाची विनवणी करत होते, त्यांना बरं कर, मी मद्यमांस सोडेन, मी अमुक करेन, तमुक करेन. शेजारच्या बाईलाही प्रार्थनेला बसवलं. टॅक्सी गावात वळली आणि घरासमोर मांडव दिसला. मी देवाकडे ज्यांचा जीव मागत होते ते आदल्या रात्रीच गेलेले होते. रडू आलं ते नंतर. आधी लाज वाटली, शेजारच्या बाईची सुद्धा. पुन्हा असं बावळट व्हायचं नाही हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. जे सांगतात त्याच्या पुढची पायरी धरून चालायची, हे मला माझ्या घरच्यांनीच शिकवलं.

त्या शनिवारी समुद्र छान होता. खोर फक्कानच्या पुढे दोन बुड्या झाल्या, दोन्ही खोल. शुक्रवारी संध्याकाळी आयला फोन लावला होता, तेव्हा वहिनीने घेतला आणि म्हणाली, आय चर्चला मिस्साला गेलीय. मी म्हटलं, आली की सांग, उद्या शनिवारचं आहे. तेवढा निरोप तिने दिला. मला काय माहीत, की आय मंगळवारपासून हॉस्पिटलात होती. न्यूमोनिया झाला होता. दादाने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, तिला काही कळवू नका, उगाच तिकडे टेन्शन घेईल, दोन दिवसांत घरी येतेच आहे आय. शुक्रवारी वहिनी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून मला मिस्सा सांगत होती. बोलताना मागे कुणाची तरी ट्रॉली ढकलल्याचा आवाज आला होता. मला वाटलं, भाजीची गाडी.

दुपारी धक्क्यावर आल्याबरोबर मी फोन लावला. पुन्हा वहिनी.

"आय जेवून झोपलीय," ती म्हणाली.

मला राग आला. माझ्या फोनच्या आधी जेवली? इतक्या शनिवारांत पहिल्यांदा? तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी शिरायला हवं होतं, पण मी रुसले. म्हातारपणी भूक लागते, ठीक आहे, असं स्वतःशी म्हटलं. वहिनीला म्हटलं, उठली की सांग, मी पाण्यातून वर आले. कुठून आली? म्हणाली ती. मी म्हटलं, तिला कळतं, तू एवढंच सांग, विसरू नकोस. बरं, सांगते, म्हणाली.

घरी आले आणि बाथरूममध्ये टबात बसून बुडीच्या सूटचं खारं पाणी काढत होते. तेव्हा दादाचा फोन आला.

"आय सीरियस आहे," तो म्हणाला. "मिळेल त्या विमानाने निघ."

मी टबाच्या कडेवर बसले. काय झालं ते विचारलं. तो म्हणाला, "ते आल्यावर बोलू."

बाबांच्या वेळचेच शब्द, आवाजही तसाच. मी पुढे काही विचारलंच नाही. विचारून तो थोडाच खरं सांगणार होता? दोन तासांपूर्वी झोपलीय म्हणाले, आणि आता सीरियस. म्हणजे झोपेतच गेली. माझ्या फोनच्या आधीच गेली असणार, वहिनीने वेळ मारून नेली, असं मी सरळ धरलं. फोन ठेवला, नवऱ्याला हाक मारली आणि सांगितलं, आय गेली. त्यालाही शंका आली नाही. त्याचे वडील गेले तेव्हा त्यालाही असाच फोन आला होता.

त्याने लगेच लॅपटॉप उघडला. संध्याकाळच्या विमानात जागा होती. नवरा पासपोर्ट मागायला लागला तेव्हा माझे केस अजून खारट होते, आणि तेव्हा मला आठवलं. मी इजिप्तवाल्याला फोन केला. तो बोटीवरच होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि गल्फमध्ये शिकलेल्या हिंदीत आधी एकच गोष्ट विचारली.

"मदर जिंदा है?"

मी म्हटलं, "नहीं."

"तो फिर खलास, हबीबती. सुबह जाना." मग म्हणाला, "जिंदा होती, तो मैं बोलता तुम्हारा फैसला है. अब किसके लिए रिस्क लेना?"

त्याचं काही चुकलं नाही. मी सांगितलं त्यावर तो बोलला. गावाकडे माणूस गेला तरी गल्फची मुलं येईपर्यंत दफन थांबवतात, ते तर सगळ्यांना माहीत आहे. फादरसुद्धा आधी विमान कधीचं ते विचारतात आणि मग वेळ देतात. आय थांबणार होती. सकाळी गेले काय, रात्री गेले काय, असा मी हिशोब केला. घरात एक मुलगी आहे, मी लुळी पडले तर तिचं कोण करणार, हेही मनात आलं. मी दादाला फोन केला आणि स्पष्ट सांगितलं, की आज मी समुद्रात बुडी मारलीय, आज विमानात बसणं जिवावर बेतू शकतं, सकाळच्या पहिल्या विमानाने येते. त्याला काही कळेना. समुद्रात कशाला गेली होतीस? बुडी म्हणजे कसली? मी समजावत होते, नायट्रोजन, बुडबुडे, आणि माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं होतं. शाळेत गृहपाठ न केल्याची कारणं सांगतात तसं.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या सोयीने ये."

हे वाक्य मी त्याला कधीच माफ करणार नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. त्याहून मोठं पुढे वाढून ठेवलेलं आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

संध्याकाळी आम्ही दुबईतल्या ऊद मेथाच्या चर्चला गेलो. शनिवारची मिस्सा होती, गर्दी होती. मी बाहेर मेणबत्ती लावली आणि मृतांसाठी म्हणतात ती प्रार्थना आयसाठी म्हटली. तिला चिरशांती मागितली. तिच्यावर अखंड प्रकाश मागितला. बाबांच्या वेळी मेलेल्या माणसासाठी बरं होण्याची प्रार्थना केली होती, ती चूक मी या वेळी अगदी बारकाईने टाळली. नवऱ्यानेही माझ्या शेजारी गुडघे टेकले. ओळखीच्या दोन वसईकर बायका भेटल्या, त्यांना सांगितलं, त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. त्या वेळी माझी आय वसईत जिवंत होती.

घरी आल्यावर मुलगी तिच्या खोलीतून बाहेर आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "डिडन्ट इव्हन से बाय टू हर." मग म्हणाली, मामाला फोन लावू का, निदान आजीच्या कानाला फोन लावून ठेवायला सांगते, लेट मी जस्ट टॉक. तिने हे कुठल्या तरी सिनेमात बघितलं असावं. मी तिला ओरडले. म्हटलं, कानाला फोन लावून काय उपयोग, कळत नाही का तुला? गेलेल्या माणसाला ऐकू येतं का? ती निमूट आत गेली. आता कॉलेजात आहे ती. तो प्रसंग तिने पुन्हा कधी काढला नाही, आणि मीही काढत नाही.

सकाळच्या विमानात मी शांत होते. रोझरी पर्समध्येच राहू दिली. अंगाला काही झालं नाही. हाताची बोटंसुद्धा नीट हलत होती. टॅक्सी गावात वळली तेव्हा मांडव दिसेल याची मनाची तयारी होती, आणि मांडव होताच. खुर्च्या होत्या. आय समोरच्या खोलीत होती, तिची लग्नातली साडी नेसवलेली, हातात क्रूस. मी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं, पण बाबांचं होतं तसं दगडासारखं नव्हतं. मला ते जाणवलं, कळलं मात्र नाही.

दादा अंगणात उभा होता. मी त्याच्याजवळ गेले आणि विचारलं, काल कधी गेली? त्याने माझ्याकडे बघितलं.

"काल कुठे? पहाटे गेली."

"कुठल्या पहाटे?"

"आजच्या. तू एअरपोर्टला असशील तेव्हा. म्हटलं, विमानात बसणाऱ्या माणसाला सांगून काय फायदा."

मी म्हटलं, तू सीरियस म्हणाला होतास. तो म्हणाला, मग? होतीच सीरियस. डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना बोलवा, म्हणून तुला बोलावलं. मी म्हटलं, बाबांच्या वेळीही तू सीरियस म्हणाला होतास, आणि तेव्हा ते बर्फावर होते. मला वाटलं, गेलीच. सगळ्यांच्या समोर माझा आवाज चढला. मावशी उठून आली. दादाचा चेहरा आधी कोरा होता, मग हळूहळू त्याला समजत गेलं आणि त्याने ते झटकून टाकलं.

"तुला यायचं असतं तर आली असतीस," तो म्हणाला. "सीरियस म्हणजे सीरियस. आणखी काय सांगायचं असतं?"

जन्मभरात एकदा त्याने मला जसं आहे तसं सांगितलं. आणि तो ते इतक्या सहज म्हणाला, जसं काही आमच्या घरात कायम खरंच बोललं जातं. मंगळवारपासून मिस्सा आणि झोप सांगायला लावणाऱ्या माणसाने. मी संध्याकाळच्या विमानाने गेले असते तर मध्यरात्रीनंतर हॉस्पिटलात पोचले असते. काही तास मिळाले असते. ते काही तास मिळवायला मी लुळी पडायला तयार होते का? होते. आज निवांत बसून म्हणणं सोपं आहे असं कुणाला वाटेल. वाटू दे. मला कुणी विचारलंच नाही, ही माझी तक्रार आहे. त्या बुडीच्या मास्तरने तेवढं विचारलं, आणि त्याला मी मनाने घडवलेलं उत्तर दिलं.

दफन संध्याकाळी झालं. फादर प्रवचनात म्हणाले, परदेशात कामात गुंतलेल्या मुलांना आईवडिलांच्या सेवेची संधी मिळत नाही, त्यांच्यासाठीही प्रार्थना करू या. सगळ्यांनी प्रार्थना केली. बायका माझ्याकडे बघत होत्या. समुद्रातल्या माशांची गोष्ट तोपर्यंत दादाच्या तोंडून मावशीकडे आणि मावशीकडून सगळ्या बाकांवर गेली होती.

नंतर मी आठवडाभर राहिले, कारण लगेच निघाले असते तर त्याचंही बोललं गेलं असतं. दादाशी मी जेवणापुरतं बोलायची. वहिनीशी बोलायची, कारण तिच्यावर माझा तेव्हा राग नव्हता. तिने हॉस्पिटलात खूप केलं होतं आयचं. रात्रंदिवस तीच बसायची. दादा सही करायला आणि डॉक्टरांशी बोलायला जायचा.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी आयचं कपाट आवरत होतो. वहिनी साड्यांच्या घड्या घालता घालता आयच्या हॉस्पिटलातल्या दिवसांचं सांगायला लागली. मी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, शनिवारी तर फार छळलं आयने. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तो सारखा ओढून काढायची. सिस्टर लावायची, ही काढायची. जेवणाचा ट्रे आला तर हाताने लोटून दिला. काहीतरी असंबद्ध बोलत होती. शेवटी हात बांधून ठेवावे लागले बिचारीचे, कॉटच्या दांडीला.

"काय बोलत होती?" मी विचारलं.

"भ्रमातलंच गं. ती पाण्यातून वर आली का, वर आली का. सारखं तेच. हात बांधल्यावर सुद्धा मास्कच्या आतून तेच. संध्याकाळपर्यंत."

माझ्या हातात आयचा एक ब्लाउज होता, तो मी खाली ठेवला. म्हटलं, वहिनी, मी फोन केला होता तुला. दुपारी. सांगितलं होतं, आयला सांग मी पाण्यातून वर आले.

ती थांबली. आठवायला तिला वेळ लागला. मग म्हणाली, हो की, केला होतास. मी तिथे तिच्या कॉटपाशीच होते. पण त्या गडबडीत कुठे, आणि मला काय ठाऊक ते काय होतं. मला वाटलं, वर आले म्हणजे तुमच्या लिफ्टचं काहीतरी. नंतर सांगू म्हटलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याबद्दल वाईट वाटून घ्यायला हवं होतं मला, पण जमलं नाही, आजही जमत नाही. मी विचारलं, मग ती विचारत होती तेव्हा तू काय म्हणालीस तिला?

"काय म्हणणार?" वहिनी म्हणाली. "मी म्हटलं, आय, बोलू नका, दम लागेल तुम्हाला."

हो, आली, एवढं म्हणायला कुणाला दम लागणार होता?